सांगली जवळ, शिवाजीनगर लांब

निगडीच्या यमुनानगरात माझं शिलाईचं दुकान आहे. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, पिको-फॉल. या धंद्यात हात गुंतलेले आणि डोळे टाक्यावर; मोकळे राहतात ते फक्त कान. म्हणून शिंप्याकडे टीव्हीचा उपयोग नाही, रेडिओच हवा.

माझा ट्रान्झिस्टर पुणे केंद्रावर लावलेला असायचा, 792 किलोहर्ट्झला. मशीनला मोटार बसवली आणि पंचाईत झाली. पेडल दाबलं की निवेदिकेच्या जागी नुसती खरखर, पाय उचलला की बाई पुन्हा बोलायला लागायच्या. मोटारीच्या कार्बन ब्रशमध्ये बारीक ठिणग्या उडतात आणि त्यांचा उपद्रव नेमका मध्यम लहरींना होतो. एलईडी ट्यूब, चार्जर, इन्व्हर्टर हे त्यांचेच भाऊबंद. बातम्या ऐकायच्या तर शिवण थांबवायचं, हे परवडणारं नव्हतं. गिऱ्हाइकं म्हणाली, काकू, मोबाइलवर लावा, काचेसारखं स्वच्छ येतं.

येतं खरं. आधी त्यातलं सुख सांगते. माझं माहेर मिरज. सांगली केंद्र 1251 वर लागायचं आणि लग्न होऊन निगडीला आले तेव्हा ते तुटलंच. मध्यम लहरी दिवसा जमिनीला धरून चालतात, दोनशे किलोमीटर पार करेपर्यंत त्यांच्यात दम उरत नाही. रात्री आकाशातल्या वरच्या थरावरून त्या परतून येतात आणि लांब जातात, पण तेव्हा सांगलीच्या उरावर दुसरंच कुणीतरी बोलत असायचं. आता भर दुपारी अस्तर कापताना मी हळद-बेदाण्याचे भाव ऐकते. मला ना हळद विकायची ना बेदाणे, तरी ऐकते. तासाला जेमतेम तीस एमबी डेटा जातो, म्हणजे रोजच्या दीड जीबीत काहीच नाही.

रड आहे ती पुण्याची. निगडीहून शिवाजीनगरचं आकाशवाणी केंद्र वीसेक किलोमीटर. रेडिओलहरीला हे अंतर कापायला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. मोबाइलवर मात्र तासाचे पिप-पिप ठोके वाजतात तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाचा काटा केव्हाच पुढे सरकलेला असतो. पूर्वी त्या ठोक्यांवर मी घड्याळ लावायची.

तळवड्याच्या आयटी पार्कात नोकरी करणारी माझी एक गिऱ्हाईक आहे. कटोरी ब्लाउजच्या ट्रायलला आली तेव्हा तिलाच विचारलं. म्हणाली, "काकू, आवाज आधी संगणकात जातो, तिथे त्याचे सहा-सहा, दहा-दहा सेकंदांचे तुकडे पडतात. तुकडे सर्व्हरवर जातात, तिथून तुमच्या मोबाइलवर. मध्येच तुटू नये म्हणून मोबाइल दोन-तीन तुकडे साठवतो आणि मगच पहिला वाजवतो. म्हणजे तुम्ही ऐकता ते अर्धं मिनिट शिळं असतं." गाण्यांना शिळेपण चालतं. 19 ऑक्टोबर 2023 ला गहुंज्याच्या मैदानावर भारत-बांगलादेश सामना होता. मी कानात मोबाइलचं समालोचन घालून हेमिंग करत होते. कोहलीनं षटकार मारून शतकही पुरं केलं आणि सामनाही जिंकला, ते मला शेजारच्या सोसायटीतल्या आरोळ्यांनी कळलं. माझ्या कानातला गोलंदाज अजून धावतच होता. मैदान आमच्यापासून रिक्षानं जाण्याइतकं जवळ!

तिनं आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला जास्त पटली. पालखीच्या दिवशी भक्ती-शक्ती चौकात लाऊडस्पीकरवरून एकदा सूचना दिली की ऐकणारे शंभर असोत की लाख, ओरडणाऱ्याला कष्ट तेवढेच. हडपसरचा आकाशवाणीचा मनोरा हेच करतो. इंटरनेटवर मात्र प्रत्येकाच्या कानाशी जाऊन वेगळं सांगावं लागतं. संध्याकाळी चाकण-तळवड्याच्या कंपन्या सुटतात, बसमध्ये बसलेला प्रत्येक जण मोबाइल काढतो, टॉवरवर गर्दी होते आणि माझ्या स्क्रीनवर ते गोल चक्र फिरत बसतं. मला हात पुसून उठावं लागतं. उठले की बॉबिनचा दोरा सुटलेला.

उठायची कारणं तरी किती! माप विचारायला कुणाचा फोन आला की रेडिओ बंद, फोन ठेवल्यावर आपणहून सुरू होईल याचा भरवसा नाही. स्क्रीन काळी झाली की बॅटरी वाचवायच्या नावाखाली मोबाइलच अ‍ॅपचा गळा दाबतो. एका अ‍ॅपवर तर स्टेशन लागण्याआधी जाहिरात, तीही बातम्यांच्या दुप्पट आवाजात. ट्रान्झिस्टरची चकती फिरवली की तो बोलायला लागायचा, त्याला माझा ईमेल पत्ता नको होता.

खासगी एफएमची कथा आणखी निराळी. शोधमध्ये पुण्याच्या स्टेशनचं नाव टाकलं तर त्याच नावाचं काहीतरी लागतं, पण त्यात पुणं नसतं. ना भोसरीच्या पुलावरची कोंडी, ना चिंचवडचा पाऊस, नुसती हिंदी गाण्यांची माळ. मला हा भामटेपणा वाटला होता. पण यामागे कायद्याचाही गुंता आहे. 2012 साली कॉपीराइट कायद्यात 31-डी हे कलम आलं, त्यामुळे रेडिओवाल्यांना ठरलेलं मानधन भरून गाणी वाजवता येतात. ही सवलत इंटरनेटला लागू नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं 2019 मध्ये एका म्युझिक कंपनीच्या खटल्यात म्हटलं आणि 2022 मध्ये खंडपीठानं ते कायम केलं. म्हणजे तेच गाणं हवेतून वाजवायचा हिशेब एक आणि तारेतून वाजवायचा दुसरा, आणि त्या दुसऱ्यासाठी प्रत्येक कंपनीशी स्वतंत्र सौदा. गाणाऱ्याला पैसे मिळावेत यात दुमत नाही. मीही शिलाई सोडत नाही. पण या भांडणात निगडीच्या रस्त्यांची बातमी का अडावी, हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही.

शिवाय खासगी स्टेशनला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीचंच बातमीपत्र जसंच्या तसं द्यावं लागतं. तासाला दहा मिनिटं बातम्यांची मुभा द्यावी, अशी शिफारस ट्राय या दूरसंचार नियामकानं सप्टेंबर 2023 मध्ये केली. त्याच वर्षी जूनमध्ये तर आकाशवाणीचा पुण्यातला वृत्त विभागच बंद करून बातमीपत्रं छत्रपती संभाजीनगरहून द्यायचं ठरलं होतं. ओरड झाली म्हणून स्थगिती मिळाली. ओरडणाऱ्यांचं बरोबर होतं. बातम्या कुठूनही वाचता येतात, पण पवना धरणातून पाणी सोडलं तर रात्री फोन कुणाला लावायचा हे पुण्यातल्या माणसाला माहीत असतं.

मी शेवटी वाटणी करून टाकली. सांगली मोबाइलवर. पुण्यासाठी छोटा एफएम रेडिओ घेतला. 101 वर विविध भारती मोटारीला न जुमानता लागते, कारण एफएमला असल्या ठिणग्यांचा त्रास फारसा होत नाही. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की वायफाय पहिलं मरतं, हा दोन सेलवर चालू राहतो. 792 मात्र मशीन बंद असेल तेव्हाच, सकाळी दुकान झाडताना.

खरं तर वेगळा रेडिओही लागायला नको. पुष्कळ मोबाइलमध्ये एफएमची सोय असते, इयरफोनची वायर हाच त्याचा अँटेना. ती सोय बंद करून विकू नका, असं केंद्र सरकारनं एप्रिल 2023 मध्ये मोबाइल कंपन्यांना कळवलंही. पण आता इयरफोनचं भोकच गायब होत चाललंय. परवा टिळक चौकात लेकीसाठी नवा मोबाइल बघत होते. दुकानदाराला विचारलं, "यात एफएम आहे का हो?" त्यानं खोका उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "अ‍ॅप टाकून देतो ना, ताई. फुकट."