हंगामी वैद्यसेवा आणि आयकर

धर्मादाय रुग्णालये, पंचकर्म केंद्रे व औषधालये येथे ठरावीक वारी, अथवा रजेवरील वैद्याच्या जागी काही महिने, सेवा देणारे वैद्य अनेक आहेत. त्यांना मिळणाऱ्या मानधनातून १० टक्के करकपात झाली की कराचा विषय संपला, असा समज सर्वत्र आढळतो. हा समज अनेकदा वैद्यांच्याच हानीस कारण होतो.

प्रथम उत्पन्नाचे स्वरूप निश्चित करावे. हजेरी, रजा व शिस्त संस्थेच्या अधीन असल्यास ते सामान्यतः वेतन ठरते. स्वतंत्र करारावर, स्वतःच्या विवेकाने केलेली सेवा हे व्यावसायिक उत्पन्न होय. त्यास वेतनावरील प्रमाणित वजावट मिळत नाही. मात्र आयकर अधिनियम १९६१ च्या कलम ४४एडीएने दिलेली सोय मोलाची आहे. वार्षिक प्राप्ती ५० लाखांपर्यंत (रोखीचा वाटा ५ टक्क्यांपेक्षा अधिक नसल्यास ७५ लाखांपर्यंत) असल्यास, किमान निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखविता येते. १९६२ च्या आयकर नियमांतील रुग्णनोंदीच्या नमुना ३सी मध्ये वैद्य व हकीम यांचा नामनिर्देश आहे, हेही येथे लक्षात घ्यावे.

एक उदाहरण पाहू. आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये एका वैद्यास दरमहा ४०,००० रुपये मानधन मिळाले. वर्षाचे ४,८०,००० रुपये झाले व ४८,००० रुपये कापले गेले. निम्मे उत्पन्न २,४०,००० रुपये. नव्या करप्रणालीतील करमुक्त मर्यादा ४ लाखांची. अन्य उत्पन्न नसल्यास देय कर शून्य! परंतु विवरणपत्र न भरल्यास हे ४८,००० रुपये परत मिळणार नाहीत.

याउलट, कपात वजा जाता १०,००० रुपये किंवा अधिक कर देय होत असल्यास, या योजनेतील व्यावसायिकाने तो १५ मार्चपर्यंत आगाऊ भरावा. अन्यथा व्याज लागते.

औषधालयाच्या चालकांनीही दक्ष असावे. एका वैद्याचे वार्षिक मानधन ५०,००० रुपयांहून अधिक झाल्यास (१ एप्रिल २०२५ पूर्वी ही मर्यादा ३०,००० होती) कपात करणे कंपनी व भागीदारी संस्थेस बंधनकारक आहे. एकट्या मालकास हे बंधन मागील वर्षाची उलाढाल १ कोटींहून अधिक असल्यासच लागते. कापलेली रक्कम वैद्याच्या पॅनवर मुदतीत जमा करावी व प्रमाणपत्र द्यावे.

१ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नास आयकर अधिनियम २०२५ लागू असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. करार व पत्रव्यवहारात नवे क्रमांक योजावेत. वैद्यांनी नियुक्तिपत्र, मानधनाच्या पावत्या व कपातीची प्रमाणपत्रे एकत्र जपावीत आणि कापलेली रक्कम आपल्या नावे जमा झाली की नाही, हे विवरणपत्र भरण्यापूर्वी अवश्य पडताळावे.