पारख मोत्यांची आणि पिशवीचीही

हैदराबादेत पत्थरगट्टीला मोती घेताना आपण दहा दुकाने पाहतो. मग स्तनवर्धनासाठी शरीरात बसवावयाची पिशवी निवडताना उतावीळ का व्हावे? पिशवीचे कवच सिलिकोनचे असते. आत मिठाचे पाणी अथवा सिलिकोनचाच गर. पाण्याची पिशवी फुटल्यास लवकर बसते व कळते; गराची फुटल्यास पुष्कळदा कळत नाही, म्हणून तिची वेळोवेळी तपासणी हवी. खरबरीत कवचाचा एका दुर्मिळ कर्करोगाशी संबंध आढळल्याने २०१९ साली एका कंपनीने आपल्या तशा पिशव्या जगभरातून परत मागविल्या. कोणतीही पिशवी आजन्म टिकेलच असे नाही. तेव्हा आकाराआधी कवच व गर विचारावा आणि पिशवीचा क्रमांक जपून ठेवावा.