‘फायर’ : पेटविणारा आणि विझविणारा शब्द

इंग्रजीतील काही शब्द आपल्या बोलण्यात इतके मुरले आहेत की, त्यांचा अर्थ कोणाला विचारावा असे वाटतच नाही. ‘फायर’ हा त्यांपैकीच एक. अग्नी, विस्तव, आग हा त्याचा अर्थ शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. परंतु हाच शब्द बंदुकीला, नोकरीला, विम्याला आणि संगणकालाही लागतो, आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ पालटतो.

प्रथम त्याचे कुळ पाहू. आपला ‘अग्नी’ आणि लॅटिनमधील ‘इग्निस’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज. मोटारीचे ‘इग्निशन’ त्या इग्निसवरूनच आले. ‘फायर’ मात्र या घराण्यातला नव्हे. त्याचे नाते ग्रीक ‘प्यूर’शी आहे, चितेला इंग्रजीत ‘पायर’ म्हणतात, तो शब्दही त्याच प्यूरचा. भाषाशास्त्रज्ञांचे अनुमान असे की, या भाषाकुळात प्राचीन काळी अग्नीसाठी दोन शब्द होते. एकात अग्नी सचेतन मानला जाई, दुसऱ्यात निर्जीव वस्तू. संस्कृत ‘अग्नि’ पुल्लिंगी आणि ग्रीक ‘प्यूर’ नपुंसकलिंगी, ही त्या भेदाचीच खूण. हा विचार वेगळ्या वाटेने आलेला असला, तरी तेजस्काय जीव मानणाऱ्या आपल्या परंपरेतील वाचकाला तो जवळचा वाटेल.

जुन्या तोफेच्या छिद्राला जळती बत्ती लावल्याशिवाय गोळा सुटत नसे. म्हणून ‘फायर’ म्हणजे गोळी झाडणे. मराठीतही तोफ ‘डागतात’, आणि डागणे म्हणजे मुळात तापल्या लोखंडाने चटका देणे. पुढे ‘डिस्चार्ज’ या शब्दाच्या दोन अर्थांमुळे गंमत झाली. बंदूक झाडणे हा त्याचा एक अर्थ, माणसाला कामावरून मोकळे करणे हा दुसरा. या द्व्यर्थावरूनच एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत नोकरीवरून काढण्याला ‘फायर करणे’ म्हणू लागले असावेत, असे मानले जाते.

आपल्या कचेऱ्यांत मात्र ‘फायरिंग’ म्हणजे साहेबांनी काढलेली खरडपट्टी. मार्चअखेरीस वसुलीचे आकडे कमी पडले की बँकेत असे ‘फायरिंग’ होई, आणि दुसऱ्या दिवशी तोच अधिकारी वेळेवर खुर्चीत बसलेला असे. तेच वाक्य अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मुलाने दूरध्वनीवर उच्चारले, तर अर्थ अगदी निराळा. ‘एच-वन-बी’ व्हिसावरील माणसाची नोकरी गेली की, दुसरी सोय करण्यासाठी त्याला सामान्यतः अधिकात अधिक ६० दिवसांची सवलत मिळते. शब्द तोच, एका ठिकाणी मानहानी, दुसऱ्या ठिकाणी घरादाराचा प्रश्न.

व्यापारातही हा शब्द दोन्ही बाजूंनी येतो. १६६६ च्या सप्टेंबरात लंडनमध्ये भीषण आग लागली आणि १३ हजारांहून अधिक घरे भस्मसात झाली. त्या अनुभवातून पुढील काही वर्षांत तेथे आगीचा विमा व्यवसाय म्हणून उभा राहिला. आज मालतारणावर कर्ज देताना बँक त्या मालाचा असा विमा मागतेच. याउलट ‘फायर सेल’ म्हणजे आगीतून वाचलेल्या, धुराने काळवंडलेल्या मालाची स्वस्तातली विक्री. आता नडलेल्या माणसाने मिळेल त्या भावाने मालमत्ता फुंकली, तरी तोच शब्द वापरतात. ‘फायरवॉल’ ही मुळात शेजारच्या इमारतीत आग जाऊ नये म्हणून बांधलेली भिंत. आता ती संगणकाच्या जाळ्यात पहारा करते.

सर्वांत विलक्षण शब्द ‘फायरमन’. वाफेच्या इंजिनावरचा फायरमन भट्टीत कोळसा टाकून आग वाढवीत असे; अग्निशमन दलाचा फायरमन ती विझवितो. आपला ‘बंब’ही असाच. न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबाच्या पोटात निखारे, आणि आगीच्या बंबात पाणी. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला. तेव्हा मुंबई अग्निशमन दलाच्या ६६ जवानांनी प्राण वेचले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

पेटविणारा आणि विझविणारा यांचा विचार आपल्या आगमांनी पूर्वीच केला आहे. भगवतीसूत्रात कालोदायी मुनी भगवान महावीरांना विचारतात की, एकाने अग्नी पेटविला आणि दुसऱ्याने विझविला, तर अधिक कर्मबंध कोणाला? विझविण्यातही तेजस्काय जीवांची हिंसा आहेच. तरीही भगवंत सांगतात की, अधिक कर्म पेटविणाऱ्याला. कारण त्याच्या हातून पृथ्वी, पाणी, वायू, वनस्पती आणि त्रस जीवांची अधिक हानी होते.

हा निकष शब्दांनाही लावावा असे मला वाटते. आपल्या समाजात दुकानदार आणि कारखानदार पुष्कळ. मंदीत माणसे कमी करण्याची वेळ येते. ती नेहमीच टाळता येत नाही. परंतु कारण स्पष्ट सांगणे, पुरेशी मुदत देणे, देणे असेल ते वेळेवर चुकते करणे आणि चारचौघांत पाणउतारा न करणे एवढे तर आपल्या हाती आहे. मराठीतील ‘बडतर्फ’ हा शब्द फारसी ‘बरतरफ’वरून आला, त्याचा अर्थ केवळ ‘एका बाजूला’. माणसाला बाजूला करावे लागले, तरी त्याला डागण्या देण्याचे कारण नाही. भाषासमितीचा व्यवहारातील अर्थ याहून वेगळा तो काय असणार?

येत्या संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणताना नातलग आणि स्नेही आठवतीलच. त्यांच्या जोडीला, वर्षभरात आपण ज्यांच्यावर ‘फायरिंग’ केले त्या मुनीमजींचे, वाहनचालकाचे आणि घरकाम करणाऱ्या बाईंचे नावही त्या यादीत लिहावे, आणि त्यांच्यापाशी आधी जावे.