श्वासाची वाट (भाग ६) : नळी निघाली, घरघर उरली

व्हेंटिलेटर हे यंत्र कळमनुरीला ठाऊक झाले ते कोविडमुळे. इथले माजी आमदार आणि तेव्हाचे राज्यसभा सदस्य राजीव सातव कोविडनंतर पुण्याच्या रुग्णालयात व्हेंटिलेटरवर होते. १६ मे २०२१ रोजी त्यांचे निधन झाले. त्या लाटेत या यंत्रावरून सुखरूप उतरलेलेही अनेक होते. मात्र त्यांच्यातल्या काहींना घरी परतल्यावर काही आठवड्यांनी जिना चढताना धाप लागू लागली, श्वास घेताना गळ्यातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. मग ठरलेला रस्ता : दम्याचे निदान आणि हातात पंप.

हा दमा नव्हे. श्वासनलिका आतून आवळत चाललेली असते.

प्रौढ माणसाची श्वासनलिका दहा-बारा सेंटीमीटर लांब, जेमतेम अंगठ्याएवढी रुंद. व्हेंटिलेटरची नळी आत टाकली की तिच्या टोकाजवळचा फुगा हवेने फुगवतात. त्यामुळे यंत्राची हवा बाजूने निसटत नाही आणि लाळही फुप्फुसात उतरत नाही. या फुग्याचा दाब पाण्याच्या वीस ते तीस सेंटीमीटर उंचीइतकाच हवा. त्याहून वाढला, तर अस्तरातल्या केशवाहिन्या दबतात, रक्त पोहोचत नाही, व्रण होतो, कधी खालची कूर्चाही कुजते. नळी काढल्यावर व्रण भरतो, पण भरताना तिथली ऊती आकसते. म्हणूनच त्रास नळी असताना दिसत नाही, नंतर दिसतो. गळ्याला भोक पाडून नळी बसवली असेल, तर त्या जागीही असेच आकुंचन येऊ शकते. दाब मोजायला मुठीत मावणारे साधे मापक मिळते. बोटाने फुगा चाचपून अंदाज बांधण्याची सवय मात्र अजून सुटलेली नाही.

कोविड ओसरला तरी कळमनुरीसारख्या भागात हा विषय संपत नाही, कारण इथे कपाशी आहे आणि फवारणी आहे. पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. सेंद्रिय फॉस्फरस गटातल्या कीटकनाशकाची तीव्र बाधा झाली की छाती कफाने भरते आणि श्वासाचे स्नायूच ढिले पडतात. अॅट्रोपिन देऊनही रुग्णाला कित्येक दिवस यंत्रावर ठेवावे लागू शकते. विषातून वाचलेला तरणा माणूस पुढे श्वासनलिकेच्या शस्त्रक्रियेसाठी येतो, हे भारतातल्या मोठ्या रुग्णालयांना नवे नाही. क्षयरोग, बाहेरून दाबणारी गलगंडाची गाठ, काही स्वप्रतिकार आजार हीही कारणे आहेत. काही स्त्रियांत तर कारण सापडतच नाही.

निदान उशिरा होते, कारण नलिका निम्मी होईपर्यंत बसल्या माणसाला फारसे काही जाणवत नाही. रुंदी आठ मिलिमीटरच्या आसपास आली की श्रमाने धाप लागते. पाचवर आली की बसल्या जागीही. दम्यात घरघर बहुधा श्वास सोडताना आणि छातीत ऐकू येते. मानेतली नलिका अरुंद झाली, तर आवाज श्वास घेताना येतो आणि स्टेथोस्कोप गळ्यावर ठेवला की अधिक स्पष्ट होतो. फुंकून करायच्या चाचणीचा आलेख चपटा दिसला की शंका बळावते. साधा एक्स-रे मात्र बऱ्याचदा फसवतो. नेमकी जागा आणि लांबी सीटी स्कॅन व दुर्बिणीतून कळते. ‘आधी कधी नळी टाकली होती का?’ हा फुकटचा प्रश्न या सगळ्यांच्या आधी यायला हवा.

आकसलेल्या ऊतीचा पडदा पातळ असेल, तर दुर्बिणीतून लेझरने छेद देऊन फुग्याने वाट रुंद करतात. पुन्हा आकसणे नेहमीचेच, त्यामुळे हे अनेकदा करावे लागते. वाट उघडी ठेवायला सिलिकॉनची टी-आकाराची नळी महिनोन्‌महिने ठेवता येते. ती अमेरिकेतल्या विल्यम माँटगोमेरी यांनी १९६० च्या दशकात आणली. कर्करोग नसेल, तर धातूची जाळी शक्यतो टाळतात. ती अस्तरात रुतते आणि काढताना नवी जखम करते. पक्का उपाय म्हणजे खराब तुकडा कापून दोन्ही टोके शिवणे. बोस्टनच्या हर्मिस ग्रिलो यांनी हे तंत्र रुळवले. निवडक रुग्णांत नलिकेची जवळपास निम्मी लांबीही काढता येते. टाक्यांवर ताण पडू नये म्हणून हनुवटी आठवडाभर छातीकडे टाक्याने बांधून ठेवतात.

कृत्रिम श्वासनलिकेच्या बातम्यांपासून सावध राहिलेले बरे. २०११ मध्ये स्टॉकहोमला पाओलो माकियारिनी यांनी प्लास्टिकची नलिका बसवून जगभर वाहवा मिळवली. तिथले त्यांचे तिन्ही रुग्ण पुढे दगावले आणि २०२३ मध्ये स्वीडनच्या अपील न्यायालयाने त्यांना अडीच वर्षांचा तुरुंगवास सुनावला.

कळमनुरीच्या रुग्णाला कापून शिवण्याच्या शस्त्रक्रियेसाठी मोठे शहर गाठावेच लागते. संशय मात्र गावातच घेता येतो. व्हेंटिलेटरवर किती दिवस होते हे लिहिलेले डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावे, पंपाने उतार पडत नसेल तर ते डॉक्टरांपुढे ठेवावे. श्वास घेताना आवाज बसल्या जागी येऊ लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता निघावे.

(पुढील आठवड्यात : जन्मतःच अरुंद श्वासनलिका असलेली बाळे)