अडकलेला रेकॉर्ड चेंजर
(लेखमाला: जुन्या यंत्रांची दुरुस्ती, भाग 7)

गेल्या आठवड्यात सुई आणि कार्ट्रिज झालं. आज त्याखालचं, प्लॅटरच्या आड दडलेलं काम.

जुना चेंजर, म्हणजे एकामागून एक तबकड्या आपोआप लावणारा प्लेअर, चालू केला की प्लॅटर फिरतं, पण आर्म जागचा हलत नाही. किंवा आर्म उचलला जातो आणि अर्ध्या वाटेत तसाच अधांतरी थांबतो. किंवा गाणं संपलं तरी सुई शेवटच्या खाचेत घासत राहते. तिन्ही तक्रारींवर दुकानात बहुधा एकच उत्तर मिळतं: ‘याचे पार्ट येत नाहीत आता.’ खरं तर अशा बहुतेक यंत्रांना नवा पार्ट लागतच नाही. काही मोडलेलं नसतं, चिकटलेलं असतं. मोडतं ते नंतर, जोर लावल्यावर.

उदाहरणाला बीएसआरचा चेंजर घेऊ. बर्मिंगहॅम साउंड रिप्रोड्यूसर्स ही डॅनियल मॅकडॉनल्ड यांनी 1932 साली काढलेली इंग्लिश कंपनी. 1950च्या दशकात तिचा मोनार्क चेंजर स्वस्त आणि दणकट म्हणून घरोघर पोचला. डॅन्सेटसारख्या पेटीवजा प्लेअरमध्ये तोच बसवलेला असे. विलायतेहून परतणाऱ्यांच्या सामानातून असे प्लेअर आपल्याकडेही आले. मुंबईत चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर जुन्या प्लेअरांची खरेदी-विक्री आजही चालते. मॉडेलागणिक तपशील बदलतात, पण इथे सांगतो ते तत्त्व गॅरार्डच्या अनेक चेंजरनाही लागू पडतं.

आधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागणार नाही, कारण व्हॉल्व्हच्या काही स्वस्त प्लेअरमध्ये चासीच मेनला जोडलेली असते. मग दोन गोष्टी बघा. आर्म त्याच्या खुंटीला क्लिपने अडकवलेला नाही ना? आणि प्रवासासाठी आवळायचे स्क्रू तसेच राहिलेले नाहीत ना? अख्खी यंत्रणा स्प्रिंगांवर तरंगायला हवी.

स्पिंडलच्या बुडाशी एक छोटी क्लिप असते. ती सरकवताना वर बोट ठेवा. उडाली तर कपाटाखाली जाते. प्लॅटर सरळ वर उचला. खाली मोठं दातेरी चाक दिसेल, आणि त्याच्या कडेला एका जागी दातच नसतील. दात तुटलेत असं समजून कुणीकुणी इथेच हात टेकतात. पण अख्ख्या यंत्राची अक्कल त्या रिकाम्या जागेत आहे. गाणं वाजत असतं तेव्हा प्लॅटरच्या तुंब्यावरचं लहान दातेरी चाक नेमकं या बिनदाती जागेसमोर फिरत असतं, म्हणून मोठं चाक स्वस्थ बसतं.

त्या मोठ्या चाकावर नखाएवढी पत्र्याची खिटी आहे. आर्म आत सरकेल तशी एक पट्टी या खिटीला हळूहळू तुंब्याकडे ढकलते. तुंब्यावर एक उंचवटा आहे, तो दर फेऱ्याला खिटीला मागे सारतो. एलपीच्या खाचेत आर्म एका फेऱ्यात मिलिमीटरचा दहावा हिस्सा सरकतो, त्यामुळे जेवढं ढकललं तेवढं मागे सारलं, असा हिशेब गाणं संपेपर्यंत जुळत राहतो. शेवटच्या मोकळ्या खाचेत आर्म एकाच फेऱ्यात काही मिलिमीटर आत जातो. आता खिटी जास्त पुढे आलेली असते. उंचवट्याला ती मागे सारता येत नाही. तो तिला धरून मोठ्या चाकाला धक्का देतो आणि दाताला दात लागतो. चाक एक पूर्ण फेरा घेतं. त्याच्या पोटाशी कोरलेल्या वाटांमधून आर्म उचलला जातो, बाहेर जातो, वरची तबकडी खाली पडते, आर्म आत येऊन अलगद टेकतो, आणि रिकामी जागा पुन्हा तुंब्यासमोर येऊन थांबते. यात इलेक्ट्रॉनिक्स काडीचंही नाही. गाणं संपलं हे यंत्राला केवळ आर्मच्या वेगावरून कळतं. असं डोकं चालवणाऱ्या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आता अडचण कुठे आहे ते सहज दिसेल. खिटीला ढकलायला बळ मिळतं ते फक्त सुईचं, खाचेच्या भिंतीकडून आलेलं. खिटी ज्यावर फिरते ती चूळ जराशी जड झाली तरी ते बळ पुरत नाही, आणि सुई घासत बसते.

चूळ जड होते ती ग्रीसमुळे. ग्रीस म्हणजे साबणात धरून ठेवलेलं तेल. वर्षानुवर्षांत तेल झिरपून जातं, उरलेलं हवेने आंबतं, त्यात धूळ बसते, आणि मागे वाळलेल्या डिंकासारखा पिवळा-तपकिरी थर राहतो. स्वस्त चेंजरमध्ये कारखान्यातच सढळ हाताने ग्रीस फासलेलं असे. आपल्याकडच्या दमट हवेत लोखंडी चुळींवर गंजही चढतो.

सगळ्यात वाईट उपाय म्हणजे वरून तेलाचा फवारा मारणं. थर तात्पुरता मऊ होतो, आर्म चार दिवस चालतो आणि मग पहिल्यापेक्षा घट्ट बसतो. शिवाय तेल ओघळून आयडलरवर, म्हणजे प्लॅटर फिरवणाऱ्या रबरी चाकावर, गेलं की प्लॅटर घसरायला लागतं. जुना थर काढूनच टाकायला हवा. केमिस्टकडचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, कानात घालायच्या कापूसकाड्या, टोकदार बांबूची काडी एवढं पुरतं. फारच घट्ट असेल तर रॉकेल चालतं, पण सुट्या केलेल्या धातूच्या भागालाच. रबर आणि प्लॅस्टिक यांपासून ते लांब ठेवा. खिटी सुटी करून तिची चूळ, भोक, दोन्ही पुसा. परत बसवल्यावर फुंकर मारली तरी ती हलायला हवी. आणि तिथे तेल अजिबात घालू नका. ही जागा कोरडीच ठेवायची असते. घातलेला थेंब धूळ धरतो आणि सहा महिन्यांत आपण पुन्हा तिथेच येतो. मोठ्या चाकाच्या वाटांना मात्र पांढऱ्या लिथियम ग्रीसचं पातळ बोट पुरे.

आर्म अधांतरी राहत असेल तर बिघाड दुसरीकडे आहे. आर्मच्या पोकळ खांबातून एक दांडी वरखाली होते, तीच त्याला उचलते. दांडी वर गेली आणि चिकटली की आर्म उतरत नाही. ती बाहेर काढून पुसली, खांब आतून अल्कोहोलने साफ केला, की काम होतं.

पुष्कळदा यंत्र फेऱ्याच्या मधोमध अडकून आलेलं असतं. भारनियमनात वीज गेली, आर्म वाटेत थांबला, घरातल्या कुणीतरी तो हाताने रेटून जागेवर नेला. अशा वेळी आर्मला हात लावू नका. प्लॅटर बसवून ते घड्याळाच्या दिशेने सावकाश फिरवा, उलट कधीच नाही. फेरा आपला आपण पुरा होऊ द्या. जिथे बोटाला अडथळा लागेल तिथे थांबा आणि खाली वाका. चिकटलेली जागा तुम्हाला अशीच सापडेल.

एक इशारा. अमेरिकेहून आलेला प्लेअर इथे मंद चालतो तेव्हा लोक त्यालाही ‘जाम झालाय’ म्हणतात. तिथली वीज 60 हर्ट्झची, आपली 50ची. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. मोटर पाच-षष्ठांश वेगाने फिरते, 33⅓चे 27.8 फेरे होतात, आणि काळी पाचमधलं गाणं पांढरी पाचच्याही किंचित खाली ऐकू येतं. त्याला 50 हर्ट्झची पुली लागते. साफसफाईने काही होणार नाही.

खरोखर हात टेकावेत अशी एक अवस्था आहे. जस्ताच्या मिश्रधातूत शिशाचा अंश राहिला असेल तर ओतीव भाग कालांतराने आतून फुगतो आणि त्याला भेगा जातात. असा भाग घासून मोकळा केला तरी पुढे फुगतच राहतो. तिथे दुसऱ्या चेंजरमधून तो भाग काढून बसवणं हाच मार्ग.

सगळं जुळल्यावर प्लग न लावता हाताने काही फेरे करून बघा, मग चरे पडलेली, गेली तरी चालेल अशी तबकडी लावा. खूप जुन्या 78च्या तबकडीवर आर्म शेवटी परतला नाही तर लगेच यंत्र उघडू नका. त्यातल्या कित्येकांना शेवटची मोकळी खाचच नसते, त्यामुळे खिटीला धक्का मिळत नाही. तिथे आर्म हातानेच उचलावा लागतो. पुढच्या आठवड्यात मोटर आणि आयडलर.