जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार

संत्र्यांचा हंगाम आला की पांढुर्णा व सौंसर या दोन्ही तालुक्यांत यंत्रांना विसावा मिळत नाही. विहिरीवरील पंप, शेतातील ट्रॅक्टर, नागपूरच्या बाजारपेठेकडे माल नेणारा ट्रक, यांपैकी एखादे ऐन वेळी बंद पडले तर केवढे नुकसान होते, हे येथील वाचकांस निराळे सांगावयास नको. म्हणूनच येथे गावोगावी पान्हा हाती धरणारा एखादा तरी जाणता मनुष्य आढळतो. अशा मनुष्याच्या ज्ञानाची खरी कसोटी पाहणारा एक छंद जगात रूढ आहे. तो म्हणजे जुनी स्पोर्ट्‌स मोटार घरच्या यंत्रशाळेत सुटी करावयाची, तिचा प्रत्येक भाग तपासावयाचा आणि ती पुन्हा चालती करावयाची. वरवर पाहता हा धनिकांचा खेळ वाटतो. तथापि त्यातील रीत, त्यातील धोके व त्यासंबंधीचा कायदा यांची माहिती जुनी जीप अथवा वडिलांची मोटारसायकल जतन करू पाहणाऱ्या कोणत्याही कुटुंबास उपयोगी पडेल.

स्पोर्ट्‌स मोटार म्हणजे ओझे वाहण्यासाठी नव्हे, तर हाकण्याच्या आनंदासाठी बांधलेली हलकी, बहुधा दोन आसनांची गाडी. इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे तयार झालेली एम.जी. कंपनीची ‘टी.सी.’ ही तिचे उत्तम उदाहरण होय. १९४५ ते १९४९ या काळात अशा सुमारे दहा हजार गाड्या बांधण्यात आल्या. इंजिन अवघे १,२५० सी.सी.चे, चाके तारांच्या आऱ्यांची, खाली पोलादी चासी आणि वर ॲश नावाच्या लवचिक लाकडाच्या चौकटीवर ठोकलेला पत्रा. म्हणजे या वेगवान गाडीच्या अंगात लोहाराइतकाच सुताराचाही हात होता.

हिंदुस्थानात अशा गाड्या प्रथम संस्थानिकांनी आणविल्या. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीची चासी घेतली व तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याकडून दोन आसनी सांगाडा चढवून घेतला. नारिंगी व काळ्या रंगांची ती लांबलचक गाडी आजही जगातील नामांकित मोटारींत गणली जाते. संस्थाने विलीन झाल्यावर अशा कित्येक गाड्या विकल्या गेल्या, कित्येक मोटारखान्यांतच गंजल्या. त्यांचा इतिहास जुळविण्याचे आणि त्यांना पुन्हा रूप देण्याचे काम आपल्याच मध्य प्रदेशातील बडवानीच्या राजघराण्यातले राणा मानवेंद्रसिंह यांनी केले. शारदा द्विवेदी यांच्यासह लिहिलेला त्यांचा संस्थानिकांच्या मोटारींवरील इंग्रजी ग्रंथ २००३ साली प्रसिद्ध झाला.

परंतु यंत्रविद्या राजवाड्यापुरती कधीच नव्हती. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी १९४० च्या दशकाअखेरीस स्वतःच्या बळावर एक छोटी मोटार बांधावयास घेतली व पुढे अनेक वर्षे तिच्यात सुधारणा केल्या. ‘मीरा’ या नावाची ती गाडी बाजारात येऊ शकली नाही. तरीही मोठ्या कारखान्यावाचून मराठी कारागीर काय करू शकतो, याची साक्ष ती देऊन गेली.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. जीर्णोद्धारातील पहिले हत्यार पान्हा नसून वही होय. गाडी उभी असता तिची चोहोबाजूंनी छायाचित्रे घ्यावी. प्रत्येक सुटा भाग निराळ्या डब्यात ठेवून त्यावर चिठ्ठी लावावी. कोणती तार कोठे जाते, कोणत्या बोल्टाखाली किती चकत्या होत्या, हे त्याच दिवशी टिपून ठेवावे. सहा महिन्यांनी स्मरणशक्ती दगा देते. चिठ्ठी देत नाही. टी.सी.च्या इंजिनाचेच पाहा. त्याच्या बोल्टांचे आटे मेट्रिक मापाचे, परंतु माथे मात्र ब्रिटिश व्हिटवर्थ पान्ह्याचे आहेत. फ्रेंच मापाची यंत्रे असलेला एक इंग्लिश कारखाना मॉरिस कंपनीने घेतला होता, त्याचा हा वारसा. हे ठाऊक नसलेला कारागीर हाती येईल तो नट पिळतो आणि पाऊण शतक टिकलेला आटा एका क्षणात घालवितो.

दुसरी गोष्ट कामाच्या क्रमाची. हौशी मनुष्यास रंगाची घाई असते. चकचकीत गाडी शेजाऱ्यांस दाखविता येते, ब्रेकची नळी दाखविता येत नाही. खरा क्रम याच्या नेमका उलट आहे. प्रथम चासी. ती सरळ आहे काय, कोठे गंजून पातळ झाली आहे काय, हे ठोकून व मापून पाहावे. मग ब्रेक व सुकाणू. टी.सी.चे ब्रेक तेलाच्या दाबावर चालतात. ते तेल हवेतील ओल शोषून घेते, त्यामुळे आतील नळकांडी गंजतात आणि रबरी वाट्या कडक होतात. गाडी वर्षानुवर्षे उभी असली तर हे सर्व नवे घालावे. त्यानंतर इंजिन. सिलिंडर किती झिजला, क्रँकवर ओरखडे आहेत काय, हे मोजूनच बोअर करावयाचे की नुसत्या रिंगा बदलावयाच्या हे ठरवावे. त्यापुढे विजेच्या तारा, आणि रंग सर्वांत शेवटी. गंजावर चढविलेला रंग गंज थांबवीत नाही. तो केवळ दृष्टिआड करतो.

जुन्या गाडीस आजचे पेट्रोल कसे मानवेल, याचाही विचार हवा. शिसेयुक्त पेट्रोल आपल्या देशात २००० साली बंद झाले. जुन्या इंजिनांतील व्हॉल्व्हच्या बैठकींना त्या शिशाचा आधार होता. म्हणून दुरुस्तीच्या वेळी कठीण पोलादाच्या बैठकी बसवून घेतात. अलीकडे पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळले जाते. ते जुन्या रबरी नळ्या मऊ करते व पाणी शोषून घेते. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घालणे हा येथे काटकसरीचा नव्हे, सुरक्षिततेचा प्रश्न आहे. गळक्या नळीचा थेंब तापलेल्या इंजिनावर पडला तर सारी गाडी जळू शकते.

घरची यंत्रशाळा म्हटली की अंगणात मुले आलीच. म्हणून चार नियम कसोशीने पाळावे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. भक्कम घोड्या लावूनच जावे. पेट्रोलची रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून अधिक भयंकर असते, कारण तिच्यात वाफ कोंडलेली असते. ती घरी वेल्डिंग करू नये. जुन्या ब्रेक-पट्ट्यांत ॲसबेस्टॉस असण्याचा संभव असतो. ती धूळ फुंकर मारून वा हवेच्या झोताने उडवू नये. ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. जुन्या रंगात शिसे असू शकते. तो कोरडा घासू नये आणि घासण्याच्या जागी मुलांस येऊ देऊ नये. यंत्राची चूक सुधारता येते, छातीत गेलेली धूळ परत काढता येत नाही.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र निराळाच आहे. काय बदलावे आणि काय तसेच ठेवावे? जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पुरातन मोटारींसाठी स्वतंत्र नियम केले. खाजगी वापराच्या ज्या दुचाकी वा चारचाकी गाडीच्या पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटला आहे, तिला त्यांखाली निराळी नोंदणी मिळू शकते. शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे व नूतनीकरणास पाच हजार रुपये. अशी गाडी प्रदर्शन, मेळावा, देखभाल इत्यादी कारणांसाठी रस्त्यावर आणता येते, नित्याच्या वापरासाठी वा धंद्यासाठी नाही. परंतु मुख्य अट अशी की गाडी मूळ रूपात असली पाहिजे. चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. अर्थात ज्याने उत्साहाच्या भरात जुने इंजिन काढून त्या जागी आजचे डिझेल इंजिन बसविले, त्याने पैसा खर्चून गाडीचे मोल घटविले आणि कायद्याचे दारही स्वतःच्या हाताने लावून घेतले. गाडी खोलण्यापूर्वी नोंदणीची कागदपत्रे तपासावी व परिवहन कार्यालयात चौकशी करावी, हे यासाठीच इष्ट आहे.

झिजणारे भाग बदलावे आणि ओळख देणारे भाग दुरुस्त करून ठेवावे, हा या विद्येतील शहाणपणाचा सारांश होय. ब्रेकची वाटी, नळी, टायर, रिंगा ही झीज; चासीवरील क्रमांक, मूळ इंजिन, लाकडी चौकट ही ओळख. चौकटीचा एकच कोपरा कुजला असेल तर तेवढाच कापून तेथे नवे लाकूड सांधावे, सबंध चौकट फेकू नये. अशा रीतीने सांभाळलेले यंत्र किती दूर जाते ते पाहावे. अहमदाबादच्या एका कुटुंबाने आपली १९५० सालची एम.जी. ‘वाय.टी.’ गाडी २०२३ साली ॲबिंग्डनपर्यंत, म्हणजे ती जेथे जन्मली त्या गावापर्यंत, नेली. टी.सी.च्याच जातीचे १,२५० सी.सी.चे इंजिन त्या गाडीत आहे.

खर्चाचा विचारही आधीच करावा. एका वेळी एकच भाग हाती घ्यावा, तो पुरा झाल्यावाचून दुसरा खोलू नये आणि घरखर्चास हात लावू नये. अर्धवट खोललेली गाडी अखेर भंगाराच्या भावाने जाते.

आपल्या भागात या कामाला लागणारे हात अद्याप आहेत. बैलगाडीच्या चाकावर तापलेली धाव चढविणारा लोहार आणि आरे बसविणारा सुतार यांना लाकूड व लोखंड एकजीव कसे करावे ते पुस्तकावाचून कळते. रबरी चाकांच्या गाड्या आल्यापासून त्यांचे काम आटत चालले आहे. ज्या घरी जुनी गाडी छपराखाली उभी असेल, तेथील तरुणांनी प्रथम अशा वृद्ध कारागिरास ती दाखवावी आणि तो काय सांगतो ते वहीत लिहून घ्यावे. सुटा भाग दूरच्या शहरातून मागविता येईल. त्या वृद्धाच्या हातातील कसब त्याच्यामागे कोठूनही मागविता येणार नाही.