ओटीपी कुणाच्या फोनवर?

शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत दुपारी शेंगा फोडता फोडता मोबाइलचा विषय निघाला. शेजारच्या काकूंकडे अजून बटणांचाच फोन. मी म्हटलं, "काकू, आता तरी स्मार्टफोन घ्या की!"

"कशाला गं? माझा एकदा चार्ज केला की चार दिवस बघायला नको. तुझा संध्याकाळीच मान टाकतो."

खोटं नाही ते. मोठा पडदा, दिवसभर नेट, मग बॅटरी टिकणार कशी? पण पुण्यातल्या नातवाचं तोंड बटणांच्या फोनवर कुठलं दिसायला!

मैत्रिणींनो, खरी अडचण वेगळीच निघाली. 2025 मध्ये लाडकी बहीण योजनेला ई-केवायसी आलं. दरमहा 1500 रुपयांचा प्रश्न! ओटीपी येणार आधारला जोडलेल्या नंबरवर, आणि काकूंच्या आधारला नंबर मुलाचा. तो कंपनीत, तिथं फोन आत नेता येत नाही. तो बाहेर येईतो ओटीपीची मुदत संपलेली. तीन दिवस नुसती फोनाफोनी.

शेवटी काकूंनी आधार केंद्रात जाऊन स्वतःचा नंबर जोडून घेतला. ओटीपी साधा मेसेजच असतो, तो बटणांच्या फोनवरही येतो. फक्त रिचार्ज चालू ठेवायचा. अनोळखी माणसानं फोन करून ओटीपी मागितला तर मात्र सांगायचा नाही. फसवणूक झालीच, तर लगेच 1930 वर फोन करायचा.

आणि स्मार्टफोन? "दिवाळीला बघू," म्हणाल्या काकू. नातवासाठी हो, दुसरं काही नाही!